चिमीची दहावी प्रत

आधीच सांगून टाकतो मंडळी, भुतांवर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. कारण भुतं मी स्वतः तयार करत होतो! फिल्मचा जमाना होता. एकाच फिल्मवर आधी रिकामी खुर्ची घ्यायची, मग त्याच फिल्मवर पांढरी साडी गुंडाळून खुर्चीत बसवलेला मित्र... झाली हडळ तयार! मागची भिंत तिच्या आरपार दिसते. अशी एक हडळ मी विशीत असताना राजूरच्या अख्ख्या बाजारात फिरवली होती. दोघीजणींनी ती ओळखलीसुद्धा. एकीने तर चुलत सासू म्हणून, नावगावासकट.

त्यामुळे आपल्या या ग्रुपवर कुणी ‘मला धुरकट आकृती दिसली’ असं लिहिलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला — एक्सपोजर किती दिलं होतं? म्हणजे, उजेड किती सेकंद पडू दिला होता?

आज माझी पाळी आहे. हसा. तुमच्या जागी मी असतो तर पोट धरून हसलो असतो.

जागा नीट सांगतो, म्हणजे नंतर शंका नकोत. राजूर, तालुका अकोले, जिल्हा आधीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. बाजाराच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ. पुढे काचेची खोली, तिथे कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर आणि पासपोर्ट फोटोसाठी पांढरा पडदा. मागे जाड लाकडी दार, आणि दाराआड सहा बाय आठची, एकही खिडकी नसलेली खोली. डार्करूम. बरीच वर्षं तिथे फ्लेक्सचे रोल आणि फुटक्या फ्रेमा नांदत होत्या.

स्टुडिओ मूळचा अण्णांचा. ते माझे नात्याचे कुणी नाहीत. दहावीला गणितात मी सणसणीत आपटलो, तेव्हा वडिलांनी मला त्यांच्याकडे आणून सोडलं, आणि मी तिथलाच झालो. पुढे कॉम्प्युटर आला आणि आमची भांडणं सुरू झाली.

“अण्णा, एक फाइल नीट केली की शंभर प्रिंट काढा. शंभरच्या शंभर सारखे!”

“मग त्यात माणूस कुठं राहिला? मी दोन काढले तर दोन वेगळे येतील.”

“म्हणजे त्यातला एक बिघडलेला!”

“बिघडलेलाच शिकवतो गाढवा. सारखे काय, नोटांचे छापतात.”

अण्णांची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून एक मिनिट घेतो. डार्करूममध्ये वर एनलार्जर असतो. त्यातल्या दिव्याचा उजेड निगेटिव्हमधून खाली कागदावर पडतो. जिथे उजेड जास्त, तिथे फोटो काळा. एखादा चेहरा काळवंडत असेल तर उजेड चालू असताना त्या चेहऱ्यावर क्षणभर सावली धरायची, म्हणजे तो उजळ येतो. सावली धरायला अण्णांकडे एक हत्यार होतं — सायकलच्या चाकाची एक तार आणि तिच्या टोकाला पुठ्ठ्याची बारकी चकती. अण्णा डावखुरे, त्यामुळे तार कायम डावीकडून आत यायची. उजव्या हाताच्या अंगठीने ते टेबलावर ठोके देत सेकंद मोजायचे. टक्... टक्... टक्. तार हलती ठेवली तर तिची खूण कागदावर राहत नाही. अण्णांच्या प्रत्येक प्रिंटमध्ये मात्र डाव्या कडेपासून चेहऱ्यापर्यंत केसाएवढी फिकट रेघ असायचीच. मी हसलो की म्हणायचे, “ती माझी सही आहे.”

सात वर्षांपूर्वी अण्णा गेले. ती तार मी माझ्या हाताने त्यांच्या चितेवर ठेवली. अंगठी त्यांच्या मुलीने पुण्याला नेली. या दोन्ही गोष्टी लक्षात असू द्या.

गेल्या वर्षी गणपती बसायला आठवडा राहिला होता. बाजाराचा दिवस, बाहेर बारीक पाऊस, दुपारचे बारा. शंकर आत आला. शंकर जीप चालवतो, पन्नाशीकडे आलेला, माझ्या ओळखीचा. त्याच्यामागे काठी टेकत त्याची आत्या हिराबाई. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने चिपाडासारखी, पण आवाज असा की समोरच्या दुकानातला माणूस वळून बघेल.

“अण्णा हायत का?”

“अण्णा गेले आजी. सहा वर्षं झाली.”

“गेले?” ती थांबली. “आन् माझा फोटू?”

शंकर ओशाळून म्हणाला, “भाऊ, घाटावरच्या वाडीतनं सक्काळी निघालोय. आयकतच न्हाई. तुमी फकस्त बघून न्हाई म्हना, म्हंजे आमी जाऊ.”

हिराबाईने त्याच्याकडे मान वळवली. “तू गप रं. तुझी जीप बघ जा.” मग मला म्हणाली, “माझी चिमी चार वर्साची हुती. बाजाराला आनली हुती तिला. मी इरल्यात, ती कडंवर. अण्णा म्हनले, उभी ऱ्हा अशीच, झ्याक दिसतीस. फोटू काढला. म्हनले, फुडच्या बाजारी ने. फुडच्या बाजारापतुर पोरगी तापानं गेली.”

बाहेर भाजीवाल्याचा भोंगा चालू होता. 

“मंग दर बाजारी ईचारायची मी. अण्णा म्हनायचे, अजून जमला न्हाई हिरा, जमला की देतो. मान खाली घालायचे. पुढं पुढं मला त्यांचीच दया यायला लागली. म्या ईचारायचं सोडलं.”

“मग आज एकदम?”

“डोळं चाललं ना बाबा माझं. काचबिंदू. डावा गेलाच. उजव्यातनं सुपायेवढं दिसायचं, ते आता वाटीयेवढं दिसतंय. डाक्टर म्हनला, हाये ते बी दिवाळीपतुर. त्याच्याआत एकडाव पोरीचं त्वांड बघायचंय. इसरले रं मी तिचं त्वांड! आई असून इसरले.”

आता सांगा, कोण नाही म्हणेल?

अण्णांच्या निगेटिव्हची लाकडी पेटी माळ्यावर होती. गावांच्या नावाने लावलेले लखोटे. तासाभराने सापडलं. वर अण्णांचं अक्षर — ‘हिरा आणि मुलगी, इरलं. अजून जमत नाही.’ आत एक निगेटिव्ह आणि नऊ प्रिंट. नऊ! प्रत्येकात हिराबाई तरणीताठी, डोक्यावरून पाठीवर पानांचं मोठं इरलं, कडेवर परकरातली पोर. आणि पोरीच्या चेहऱ्याच्या जागी इरल्याची सावली. काळीकुट्ट. काहीत काळी, काहीत करडी, पण चेहरा एकातही नाही. नऊच्या नऊ प्रिंटांवर डावीकडून ती रेघ, त्या काळोखापर्यंत गेलेली. बिचाऱ्याने नऊ वेळा प्रयत्न केला होता.

मी निगेटिव्ह उजेडाला धरलं. चेहऱ्याच्या जागी फिल्म काचेसारखी स्वच्छ. म्हणजे फोटो काढताना तिथे पुरेसा उजेडच पोचला नव्हता. फिल्मवर काही नोंदलंच नाही, तर प्रिंटमध्ये येणार कुठून?

पण मी पडलो डिजिटलचा पुजारी. स्कॅन केलं, हवं तेवढं मोठं केलं, सावली उकलण्याच्या सगळ्या खुंट्या पिळल्या. वाळू सांडावी तसे ठिपके आले. मग म्हटलं, चला, नवी विद्या! मोबाईलवरच्या ॲपला फोटो दिला. दहा सेकंदांत त्याने चेहरा बसवला — गोबरे गाल, लांब पापण्या, बिस्किटाच्या जाहिरातीतली पोर. प्रिंट काढून हिराबाईच्या हातात दिला. तिने तो उजव्या डोळ्याशी नेला, नाकाला टेकेपर्यंत.

“कुनाची रं ही?”

“चिमी आहे आजी. कॉम्प्युटरने काढली.”

“त्यानं कवा बघितली चिमीला?” तिने प्रिंट परत केला. “ग्वाड हाय पोर. ज्याची आसल त्याला दे.”

शंकर तोंड फिरवून हसला. मी पण हसलो, काय करणार!

“अण्णा त्या आतल्या खोलीत करायचे,” हिराबाई म्हणाली. “तसं कर.”

“आजी, त्याने काही—”

“तसं कर. मी हितं बसते.”

इथे मी तुम्हाला माझं पाप सांगतो. मी नाटक करायचं ठरवलं. फिल्म कोरी आहे हे मला पक्कं माहीत होतं. पण म्हातारीला आत न्यावं, लाल दिवा लावावा, ट्रे हलवावेत, समारंभ करावा आणि शेवटी ‘नाही जमलं हो’ म्हणावं. तिची समजूत पटेल आणि मला जेवायला जाता येईल. शिवाय खरं सांगू? अनेक वर्षांनी लाल दिव्यात उभं राहायला मिळणार म्हणून मला हौसही आली होती.

फ्लेक्सचे रोल बाहेर काढले. कागदावर चित्र उमटवणारं रसायन म्हणजे डेव्हलपर, त्याचा एक सीलबंद पुडा होता, तो कालवला. फोटो कागदाचं एक जुनं पाकीट निघालं, तेही सीलबंद. ते मी आत, लाल दिव्यातच फोडलं; त्या उजेडाने कागद खराब होत नाही. फोटो टिकवणारं रसायन, आम्ही ज्याला हायपो म्हणतो, त्याची मात्र एक अर्धी, गढूळ, मेलेली बाटली होती. ओतली तीच. नाटकातल्या पेल्यात खरं सरबत कोण भरतं?

हिराबाईला स्टुलावर बसवलं. दार लावलं. शंकर बाहेर राहिला.

लाल दिव्यात तिचा चेहरा तांब्याचा वाटत होता. निगेटिव्ह एनलार्जरमध्ये लावलं, खाली कागद ठेवला. माझ्या हातात तार नव्हती, पुठ्ठा नव्हता, काहीच नव्हतं. एनलार्जरच्या बटणावर बोट ठेवलं आणि मोठ्या थाटात म्हणालो, “बघा हं आजी, आता... एक!”

बटण दाबलं. खट्.

त्याच क्षणी लाइट गेली.

एनलार्जर लागलाच नाही. लाल दिवाही गेला. पुढच्या खोलीतला पंखा मंदावत थांबल्याचा आवाज आला. त्या खोलीतला अंधार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. भर दुपारी दोन वाजता डोळे उघडे की मिटलेले ते हात लावून बघावं लागतं. आणि मला, लाज वाटते सांगायला, हायसं वाटलं. आयतंच निमित्त मिळालं होतं!

“आजी, लाइट गेली. आता काही—”

टक्.

मी थांबलो.

टक्... टक्... टक्.

टेबलावर. माझ्या उजव्या हाताशी, वीतभर अंतरावर. लाकडावर धातू. एकेका सेकंदाला एक. मला वाटलं, म्हातारी काठी आपटतेय.

“आजी, काठी नका वाजवू.”

“मी कुठं वाजवतीय? तूच ठोकतोयस न्हवं?”

आवाज तिच्या स्टुलाकडून आला. ठोके टेबलावर पडत होते. माझा एक हात बटणावर होता आणि दुसरा... दुसरा मी छातीशी घट्ट धरला होता. मी मोजायला लागलो. का, ते विचारू नका. त्या खोलीत ठोके ऐकले की मोजायचे, ही दहा वर्षांची सवय. सात... आठ... मानेवर घाम आला आणि तिथेच गार पडला. डाव्या बाजूने माझ्या दंडाला काहीतरी निसटतं लागलं. माणूस बाजूने हात पुढे करताना बाही लागते, तसं. बारा... तेरा... मी ओरडणार होतो, पण डार्करूममध्ये कागद उघडा असताना दार उघडायचं नाही, हलायचंही नाही, हे अण्णांनी इतकं भिनवलं होतं की पाय जागचे सुटेनात.

अठरा. आणि बंद.

 मग हिराबाई हळूच म्हणाली, “झालं?”

आणि मंडळी, मी काय केलं माहीत आहे? ठोके थांबले की कागद उचलून डेव्हलपरमध्ये सोडायचा, ही पुढची पायरी. माझ्या हातांनी ती केली. त्या मिट्ट काळोखात मी कोरा कागद ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलवत उभा राहिलो. 

दोनेक मिनिटांनी लाइट आली. आधी लाल दिवा फडफडला. मी पटकन एनलार्जरचं बटण बंद केलं आणि ट्रेमध्ये पाहिलं.

इरलं आलं होतं. पानन् पान. हिराबाई आली होती. डाव्या कडेकडून केसाएवढी फिकट रेघ आली होती. आणि ती रेघ जिथे संपत होती तिथे, इरल्याच्या सावलीत, एक पोर खदखदून हसत होती. बारीक डोळे, चपटं नाक, कपाळावर चिकटलेली ओली बट. वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला.

 चिमट्याने तो कागद उचलला, पाण्यातून काढून त्या मेलेल्या हायपोत घातला, थोडा वेळ ठेवला, आणि हिराबाईच्या डोळ्यापुढे धरला.  मग तिने बोट पुढे केलं. कागदाला लावलं नाही, वरून फिरवलं.

“दात,” ती म्हणाली. “जात्याच्या खुट्यावर आपटली हुती. फोटूच्या आदल्या रोजी. मुद्दाम न्हवतं सांगितलं तुला. म्हनलं, बघू, खरी चिमी काढतोय का कुनाची बी.”

दार उघडलं तेव्हा शंकर समोरच उभा होता. हिराबाईची काठी त्याच्या हातात होती. आत जाताना तिने ती त्याच्याकडेच दिली होती.

आता तुमचे प्रश्न. मीच विचारतो, तुमचा त्रास वाचवतो. लाइट क्षणभर येऊन गेली असेल? एनलार्जरचा दिवा लागला तर अख्खी खोली दिसते हो, आणि शंकर सांगतो, अख्ख्या बाजाराची लाइट गेली होती. पाकिटात अण्णांनी आधीच उजेड दिलेला कागद असेल? हे माझ्याही मनात आलं. पण सील मी फोडलं होतं. आणि सगळ्यात मोठं — फिल्मवर तो चेहरा नाहीच! अण्णांनी नऊदा, मी नंतर सातदा, नव्या कागदावर, ताज्या रसायनात प्रिंट काढले. काळोखच. निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे, भिंगाखाली बघायला या.

पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर मी ती खुशाल मिशीवर ताव मारत सांगितली असती.

तो प्रिंट टिकणार नव्हता. मेलेल्या हायपोत घातलेला फोटो उजेडात राहिला की हळूहळू काळा पडत जातो. ताज्या हायपोत पुन्हा बुडवला तर वाचतो. मी विनवलं, “आजी, हा इथे ठेवून जा, चार दिवसांत पक्का करून देतो.”

तिने तो पदराखाली घेतला. “न्हाई. मागल्या टायमाला बी फुडच्या बाजारी देतो म्हनले हुते.”

 मी काळ्या कागदात गुंडाळून दिला. चारचारदा सांगितलं, “अंधारात ठेवा. मी येतो औषध घेऊन.”

नाशिकहून हायपो मागवला. गणपतीच्या गडबडीत यायला बारा दिवस लागले. त्याच दिवशी बाटली आणि ट्रे पिशवीत घालून शंकरच्या जीपने वाडीवर गेलो. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. हिराबाई ओट्यावर, उन्हाच्या पट्ट्यात बसली होती. फोटो मांडीवर उघडा.

“सक्काळधरनं बसती आत्या,” शंकर हळू आवाजात म्हणाला. “ऊन सरकलं की ती बी सरकती. रोजचंच हाय.”

मी जवळ गेलो. “आजी! अंधारात ठेवायचा सांगितला होता ना?”

“आंधारात ठिवून बघू कशी रं?” ती म्हणाली. “माझ्यापाशी आंधार लई हाय. उजेडच थोडा ऱ्हायलाय.”

मी वाकून पाहिलं. कागद काळा पडला होता. इरलं नाही, आई नाही, पोर नाही. सगळ्या कागदावर सारखा, चॉकलेटी काळा रंग. फक्त डाव्या कडेपासून मध्यापर्यंत आलेली ती रेघ तेवढी पांढरी राहिली होती. असा फोटो काळा पडतो तेव्हा फिकट भाग आधी जातो, म्हणजे ती सगळ्यात आधी काळवंडायला हवी होती. ती जशीच्या तशी होती.

पिशवीतली बाटली माझ्या खांद्याला जड झाली. शंकरने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. अख्ख्या आयुष्यात गप्प बसणं मला जमलं नव्हतं, त्या दिवशी जमलं.

हिराबाईने अंगठा कागदाच्या कडेला लावला, रेघेवरून सावकाश आत नेला आणि रेघ संपली तिथे थांबवला.

“बघ की,” ती म्हणाली, “रोज वाईच जास्तच हसती.”

तिचा उजवा डोळा फोटो नेला त्या आठवड्यातच गेला होता, हे मला परतताना जीपमध्ये कळलं.

आजही कळत नाही. त्या बंद खोलीत कोण होतं, ते ठोके कुणाचे, कोऱ्या फिल्ममधून ती पोर कुठून आली, ती रेघ का टिकली... मला माहीत नाही. माझ्यासारख्या बोलभांड माणसाला एवढं कबूल करायला वर्ष लागलं. फ्लेक्सचे रोल आता पुढच्या खोलीत असतात. डार्करूम झाडून-पुसून ठेवलीय, आणि ताज्या हायपोची एक बाटली तिथे कायम भरलेली असते.

आणि तुमच्यापैकी कुणी माझाच प्रश्न मला विचारणार असेल — एक्सपोजर किती दिलं होतं — तर उत्तर तयार आहे. उजेड एक सेकंदही नाही. ठोके अठरा.